खोळ आटली नव्हती

मी एक जुनी, एका अंगाने जळालेली खोळ आहे. फोन ठेवायची कापडी खोळ. शिवणकामाच्या एका दुकानात, मशीनच्या समोरच्या भिंतीवर, कात्रीच्या खिळ्याशेजारी मी लटकते. मित्रांनो, शाळेच्या गणवेशाचे माप द्यायला तुम्ही ह्या दुकानात येता, हात पसरून उभे राहता आणि मान वळवून हमखास विचारता, "ते जळकं काय आहे?"

दुकानाची मालकीण, जिला तुम्ही सगळे मावशी म्हणता, टेप गळ्यात अडकवून सांगते, "ती माझी चूक आहे. सरळ उभा राहा बघू. पोट आत घेऊ नकोस, ही पँट वर्षभर जायचीय."

एवढेच सांगते ती. सगळा दोष स्वतःकडे घेते आणि खडूने कापडावर रेघ मारायला लागते. ते ऐकले की मला भिंतीवर टांगून राहणे जड जाते. कारण दोष तिच्या एकटीचा नाही. माझा वाटा ती सांगत नाही, तो मीच सांगायला हवा.

माझा जन्म ह्याच दुकानातला. तापलेली इस्त्री धरताना हाताला चटका बसू नये म्हणून मावशी जाड कापडाच्या घड्या शिवते. दोन निळ्या कापडांच्या मध्ये कापसाचा दाट थर, आणि त्यावर चौकटी चौकटीची शिवण. अशा एका घडीचा तुकडा उरला होता. मावशीची सवय अशी, की कुठलेही कापड कापण्याआधी ती ते पाण्यात भिजवते, वाळवते आणि मगच त्याला कात्री लावते. "जे काय आटायचं ते आधीच आटू दे. अंगावर गेल्यावर आटलं तर गिऱ्हाईक मला आटवेल," असे ती म्हणते. मीसुद्धा कापण्याआधी अशीच भिजले, आटले आणि वाळले. ही गोष्ट लक्षात ठेवा मित्रांनो. मावशीच्या लक्षात ती राहिली नाही, आणि पुढचे सगळे त्यातून झाले.

मावशीची भाची तिच्याकडेच राहते. ती दातांच्या एका दवाखान्यात काउंटरवर काम करते. कोणाला कधी बोलवायचे, कोणाचा दात काढायचा आणि कोणाचा भरायचा, हे सारे तिच्या फोनवरून चालते. एकदा जिन्यात तिच्या हातून फोन निसटला आणि काच तडकली. आमच्या दुकानासमोर, गल्लीच्या पलीकडच्या बाजूला फोन दुरुस्तीचे छोटे दुकान आहे. तिथे बसणाऱ्या गृहस्थांच्या डोळ्यावर कायम एक भिंग लावलेले असते, म्हणून सारी गल्ली त्यांना भिंगकाका म्हणते. त्यांनी फोन उघडला, नवी काच बसवली आणि परत देताना भाचीला दम भरला, "आता पुन्हा पाडलास तर मी हात लावणार नाही. एक उशी शिवून घे त्याला, उशी! मावशी आहे ना समोर."

ते थट्टेत बोलले. मावशीने थट्टा मनावर घेतली. इस्त्रीच्या घडीचा उरलेला तुकडा तिने फोनच्या मापाने कापला आणि त्याच दुपारी मला शिवले. फोनची पाठ आणि चारही कडा मी झाकत असे, तोंड तेवढे उघडे. पुढे लागले तर असू दे म्हणून मावशीने कडेच्या शिवणीत आत थोडे जास्तीचे कापड ठेवले. शिंपीकामात त्याला माया म्हणतात.

सुरुवातीचे दिवस फार छान होते. भाची मला गालाशी धरून बोले. एकदा दवाखान्याच्या पायरीवरून फोन खाली गेला, दोन उड्या मारून थांबला, आणि काचेवर ओरखडासुद्धा आला नाही. संध्याकाळी भाचीने ही बातमी गल्लीत सगळ्यांना सांगितली. भिंगकाकांनी मला हातात घेऊन दाबून पाहिले. "झकास! ही तुझी मावशी माझा धंदा बसवणार एक दिवस," ते म्हणाले. सगळे हसले. मावशी तर इतकी हसली, की तिच्या हातातले रीळ घरंगळत गल्लीत गेले.

ते वाक्य आता आठवले की मला हसू येत नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंचा एक नियम होता. काउंटरवर फोन दिसता कामा नये, पेशंटला वाटते आपल्याकडे कोणाचे लक्ष नाही. म्हणून भाची फोन टेबलाच्या खणात ठेवी आणि खणाच्या फटीतून चार्जरची वायर आत घेई. दिवसभर फोन चार्जिंगला, माझ्यासकट, बंद खणात. फोन जुना होता. पहिल्यांदा तो कोमट होत असे, मग गरम होऊ लागला. ती गरमी मला पहिल्या दिवसापासून कळत होती. पण मित्रांनो, मी कशाची बनले होते ते आठवा. तापलेली इस्त्री धरली तरी हाताला चटका लागू नये, ह्यासाठीच ते कापड होते. मी माझे काम चोख करत होते. भाचीने खणातून फोन काढला की तिच्या तळव्याला मऊ, उबदार काहीतरी लागे. "दवाखान्यातल्या एसीत बरं वाटतं गं," ती मावशीला म्हणाली, "मांडीवर मांजर घेतल्यासारखं."

आणि मी सुखावले. एक तरी चटका मी तिच्या हातापर्यंत जाऊ दिला असता, तर तिने चमकून फोन खाली ठेवला असता. मी सगळी धग पोटात ठेवली आणि तिला ऊब तेवढी दिली.

मग एके दिवशी भाचीने मला धुतले. वाळल्यावर फोन आत घालायला गेली, तर तो जाईना. तिने रेटून बसवला, पण कड वर येऊ लागली. ती तशीच मला घेऊन मावशीकडे आली. "मावशी, ही आटली बघ धुतल्यावर."

त्या दिवसांत शाळा उघडायच्या होत्या. मशीनभोवती गणवेशांचे ढीग, दारात आयांची रांग. मावशीने वर न बघता मला घेतले, एका कडेची शिवण उसवली, मायेतले थोडे कापड सोडले आणि पुन्हा शिवून दिले. फोन चपखल बसला.

खरी गोष्ट मला माहीत होती. मी आटले नव्हते. फोन वाढला होता. त्याच्या आतली बॅटरी फुगायला लागली होती आणि पाठीमागचे झाकण ती हळूहळू बाहेर ढकलत होती. पण फोनचे तोंड सगळे बघतात, त्याच्या पाठीकडे कोण बघतो? शिवाय पाठीवर मी होते. मऊ, जाड, निळी. फुगीरपणा माझ्या कापसात बुडून जाई.

काही दिवसांनी मी पुन्हा घट्ट झाले. ह्या वेळी भाचीने फोन बाहेरही काढला नाही. "मावशी, पुन्हा आवळतेय गं ही. जरा सैल कर ना." मावशीने दुसऱ्या कडेची शिवण फोन आत असतानाच उसवली आणि हातशिलाईने नवे टाके घातले. तिच्या बोटांना फोनचा कोपरा ऊन लागला असावा, कारण ती म्हणाली, "किती तापलाय हा!" पण शेजारीच इस्त्री तापत होती. तिला वाटले, इस्त्रीचीच आच. दोरा तोडून तिने मला थोपटले. "आता नाही उसवायची. दुहेरी दोऱ्याने घातलेत टाके."

आणि खरेच, मी उसवले नाही. हा माझा सर्वांत मोठा गुन्हा आहे मित्रांनो. आतून फोन मला ताणत होता, एकेक टाका ओढला जात होता. कडेची शिवण सुटू दिली असती, तर फोनची फुगलेली पाठ बाहेर डोकावली असती आणि कोणीतरी विचारले असते, हे काय? पण मला माझ्या मजबुतीचा अभिमान होता. फाटणे म्हणजे लाज, असे मला वाटत असे. मी दात आवळून धरून ठेवले.

ती दुपार कशी झाली ते आता सांगते. दवाखान्यात गर्दी होती. आत खुर्चीवर एक गृहस्थ तोंड उघडून पडले होते, त्यांचा दात अर्धा भरून झाला होता. भाचीने काहीतरी घ्यायला खण ओढला आणि घाईने आपटून बंद केला. त्या आपटण्याने फोनच्या पोटात काहीतरी तुटले. आधी सुस्कारा सोडल्यासारखा आवाज आला. मग खणाच्या फटीतून पांढरा धूर.

"काहीतरी जळतंय!" कोणीतरी ओरडले.

भाचीने खण उघडला. मित्रांनो, अशा वेळी हात लावायचा नसतो. दूर व्हायचे, बाकीच्यांना बाहेर काढायचे आणि मोठ्या माणसांना हाक मारायची. पण आजूबाजूला माणसे, टेबलात कागद, आणि तिला दुसरे काही सुचले नाही. तिने मला उचलले आणि गॅलरीकडे धावली. आजवर मी तिच्या हाताला कधी चटका लागू दिला नव्हता. त्या दिवशी सगळी साठवलेली धग एकदम माझ्यातून आरपार तिच्या तळव्यात गेली. ती किंचाळली, पण गॅलरीपर्यंत तिने मला सोडले नाही. फरशीवर फेकले, तेव्हा मी एका बाजूने पेटले होते. डॉक्टरीणबाईंनी काचेचे दार ओढून घेतले. आग विझेपर्यंत सगळे दाराआडून बघत राहिले. जिन्यात एकच पळापळ झाली आणि एक म्हातारे गृहस्थ पाय मुरगळून खाली बसले.

अर्धा दात भरलेले गृहस्थ मात्र पळाले नाहीत. गळ्याखाली अडकवलेला कागदी रुमाल तसाच ठेवून त्यांनी आपला फोन काढला आणि चित्रण सुरू केले. धूर घेतला, जळणारी मी घेतली, मग रडणारी भाची घेतली. तोंड बधिर होते, त्यामुळे शब्द बोबडे निघत होते. "काय झालं? फोन नवा होता का? कोणी दुरुस्त केला होता का?"

भाचीचा हात नळाखाली होता. हुंदके देत ती म्हणाली, "आताच तर काच बदलून घेतली होती. आमच्या समोरच्या भिंगकाकांनी उघडला होता फोन."

वाक्य खरे होते, पण अर्धे. घरी पोचायच्या आत ते अर्धे वाक्य तिच्या पुढे धावत गल्लीत पोचले होते.

फोनचे अवशेष डॉक्टरीणबाईंनी पत्र्याच्या डब्यातून कचरावाल्यांच्या हवाली केले. मला भाचीने घरी आणले. मावशीला मला टाकून देववेना. तिने मला दुकानातल्या चिंध्यांच्या टोपलीत ठेवले. टोपली दाराशी होती, तिथून समोरचे दुकान सरळ दिसे. पुढचे सगळे मी तिथून पाहिले आणि ऐकले.

गणवेश न्यायला येणारे प्रत्येक गिऱ्हाईक नवी बातमी आणी. भिंगकाका नकली बॅटऱ्या घालतात, असे सकाळी कोणी म्हणाले. दुपारपर्यंत ते लोकांच्या चांगल्या बॅटऱ्या काढून विकतात असे झाले. संध्याकाळी एक बाई शपथेवर सांगत होत्या, की त्यांच्या जावेच्या ओळखीत भिंगकाकांनी हात लावलेला टीव्हीसुद्धा फुटला. भिंगकाकांनी जन्मात टीव्ही उघडला नव्हता.

लोक घाबरले होते, आणि घाबरलेली माणसे फार विचित्र वागतात. एका घरी सगळ्यांचे फोन फ्रीजमध्ये ठेवायला लागले, आणि मग जेवणाच्या वेळी फ्रीज वाजू लागला. भाजीवाली फोन चिमट्याने उचलू लागली. "हॅलो" म्हणायला ती चिमटा कानापासून वीतभर लांब धरी आणि मग "काय? काय? ऐकू येत नाही!" म्हणून ओरडे. डॉक्टरीणबाईंनी दवाखान्याच्या दाराबाहेर प्लॅस्टिकचा टब ठेवला. येणाऱ्याने फोन त्यात टाकायचा. दिवसभर उन्हात सगळ्यांचे फोन एकमेकांवर रचून तापत. ह्यात मूळ गोष्ट कोणी विचारलीच नाही, की तो फोन कुठे ठेवला होता आणि कशात गुंडाळला होता.

उलट माझे कौतुक झाले! एक बाई मला टोपलीतून उचलून म्हणाल्या, "बिचारी खोळ! ही होती म्हणून पोरीचा हात वाचला." मी काय सांगू तुम्हांला? शिव्या परवडल्या असत्या.

समोर भिंगकाका रोज दुकान उघडत, पण पायरी कोणी चढत नसे. ज्यांचे फोन दुरुस्तीला होते ते लोक घोळक्याने आले आणि अर्धवट उघडलेले फोन उचलून घेऊन गेले. "अहो, स्क्रू तरी बसवू द्या!" भिंगकाका मागून ओरडत राहिले. कोणीतरी त्यांच्या पाटीवर चिखल फासला. शेवटी जागेच्या मालकाने सांगितले, महिनाअखेर गाळा रिकामा करा, मला इमारत जाळून घ्यायची नाही.

भाची हाताला पट्टी बांधून घरी बसली होती. ती पुढच्या दाराने बाहेर पडेना, कारण समोर भिंगकाका दिसत. "मी खोटं बोलले नाही ना मावशी?" ती विचारी. मावशी म्हणे, "नाही गं." पण दोघी एकमेकींकडे बघत नसत.

असेच दिवस चालले असताना एका सकाळी बेकरीवाले दुकानात आले. पोट आधी, मग ते. "मावशी, दाभण आहे का हो? पोती शिवायची जाड सुई?"

"आहे. कशाला हवी?"

त्यांनी खिशातून फोन काढला. पाठीमागचे झाकण एका बाजूने उचलले गेले होते आणि मधोमध चांगला फुगवटा आला होता. "हा बघा, पाव फुगतो तसा फुगलाय. पाव फुगला तर चार पैसे मिळतात, हा फुगून काय उपयोग? ग्रुपवर आलंय, टोचून हवा काढायची. बायको म्हणते घरात नको टोचू. म्हटलं, मावशीकडे टोचतो."

"माझ्याकडे टोचता?" मावशी एकदम उभी राहिली. "ठेवा तो. त्या फरशीवर ठेवा आधी. कापडावर नको. बाजूला व्हा!"

"अहो, पण हवाच तर आहे—"

"ठेवा म्हणते ना!"

बेकरीवाल्यांनी फोन ठेवला आणि ते दारापर्यंत मागे सरकले. मावशी गुडघ्यावर बसली आणि त्या फोनकडे कडेने पाहू लागली, शिलाई सरळ आली की नाही ते बघावे तशी. बघता बघता तिची बोटे हवेतच हलली. आधी एक कड, मग दुसरी. जणू ती पुन्हा उसवत होती.

मग ती उठली आणि टोपलीतून तिने मला काढले. मला उलटे केले. माझ्या आतल्या बाजूला एका कडेशी जुन्या शिवणीच्या भोकांची रांग होती, दुसऱ्या कडेशीही तशीच. ती त्यांवरून बोट फिरवत राहिली.

"आटली नव्हती," ती म्हणाली.

"कोण?" बेकरीवाले दारातून म्हणाले.

"मी कापड भिजवून कापते. आटलेलं कापड पुन्हा कसं आटेल? शिकवायला बसले तर हे पहिल्या दिवशी शिकवते मी पोरींना."

मला वाटले, आता ती मला चुलीत घालेल. घातले असते तरी माझी तक्रार नव्हती. पण तिने मला काखेत मारले, स्टीलच्या एका ताटात पट्टीने ढकलून बेकरीवाल्यांचा फोन घेतला आणि ते ताट दोन्ही हातांनी अंगापासून दूर धरून ती गल्लीत उतरली.

"मावशी, त्यांच्याकडे नका नेऊ! त्यांनीच तर..." बेकरीवाले म्हणाले.

"दुसरं कोण काढणार आहे ती बॅटरी? तुम्ही? दाभणाने?"

ताट बघून गल्ली दुभंगली. लोक दोन्ही बाजूंना भिंतींना चिकटले. भाजीवालीने गाडी मागे घेतली. समोर शटर अर्धे खाली होते आणि आत भिंगकाका खोक्यांत सामान भरत होते.

"फुगलेला फोन आहे," मावशी म्हणाली. "बेकरीवाल्यांचा."

"मग माझ्याकडे कशाला आणलात? मीच फोडतो ना सगळे?"

"काढून द्या हो काका!" बेकरीवाल्यांचा आवाज आला. "मी इथेच उभा आहे."

"इथे कुठे? खांबामागे उभे आहात तुम्ही!"

घोळक्यात कोणीतरी फसकन हसले. भिंगकाकांनी एक खोके पायाने बाजूला सरकवले, ताट काउंटरवर ठेवले आणि भिंग डोळ्यावर ओढले. इतके दिवस त्यांच्या हातांत एकही फोन आला नव्हता. फोन बंद करून त्यांनी एका पातळ प्लॅस्टिकच्या पट्टीने हलके हलके झाकण सोडवले. आतून बॅटरी निघाली, फुगलेली, चकचकीत, एखाद्या छोट्या उशीसारखी. ती त्यांनी मागच्या अंगणातल्या वाळूच्या डब्यात नेऊन ठेवली. परत आल्यावर ते म्हणाले, "झालं. जा आता."

"अजून एक आहे," मावशी म्हणाली आणि तिने मला काउंटरवर ठेवले.

"ही पोरीची खोळ."

"हो. उलटी करून बघा."

त्यांनी मला भिंगाखाली घेतले. मित्रांनो, त्या काचेखाली पहिल्यांदा मला कोणीतरी पूर्ण पाहिले. एका कडेची भोकांची रांग, दुसऱ्या कडेची रांग, आणि तिच्या शेजारचे दुहेरी दोऱ्याचे टाके, जे अजून शाबूत होते.

"दोनदा सैल केलीत?"

"दोनदा. ती म्हणाली आटली, मी म्हटलं आटली असेल. भिजवून कापलेलं कापड, दादा! हे मला कळायला नको? वर इस्त्रीचा कापूस घातलेला. पोरीच्या हाताला धग लागली नाही की डोळ्याला फुगवटा दिसला नाही. दोन्ही मी झाकलं. तुम्ही काच बसवलीत तेव्हा ही खोळ जन्मालाही आली नव्हती."

गल्ली ऐकत होती. भिंगकाकांनी भिंग कपाळावर सरकवले.

"म्हणजे तुमच्या हाताखाली फुगत होता तो."

"हो."

"आणि दुकान मी आवरतोय."

भिंगकाकांनी मला मावशीच्या हातात दिले. "घेऊन जा ही. मला नको इथे," ते म्हणाले. त्यांनी तिला क्षमा केली नाही. का करावी?

त्या दिवशी दुपारी भाची पुढच्या दाराने बाहेर पडली. मला घेऊन ती थेट दवाखान्यात गेली. अर्धा दात भरलेले गृहस्थ उरलेला दात भरायला तिथे आले होते. भाची काउंटरच्या मागे बसली आणि म्हणाली, "तुमचा नंबर पुढचाच आहे. पण आत जायच्या आधी फोन काढा. त्या दिवशी मी अर्धंच बोलले होते. आता उरलेलं घ्या."

"आधी दात—"

"आधी हे."

तिने कॅमेऱ्यासमोर माझ्या शिवणी दाखवल्या. खण दाखवला. भिंगकाकांचा काही दोष नाही, दोष कुठे आहे तो हा, असे तिने स्वच्छ सांगितले. डॉक्टरीणबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. दुसऱ्या दिवशी उन्हातला टब गेला, आणि काउंटरवर, सगळ्यांना दिसेल अशी, फोन ठेवायची एक उघडी जागा झाली.

तुम्हांला वाटेल, आता सगळे ठीक झाले असेल. तसे झाले नाही. पहिले चित्रण ज्यांनी ज्यांनी पाहिले होते, त्यांतल्या फार थोड्यांनी दुसरे पाहिले. पहिल्यात धूर होता, रडणे होते, आग होती. दुसऱ्यात एक शिवण होती. शिवण कोण बघत बसतो? मावशी आणि भाची जागेच्या मालकाकडे गेल्या, मला त्यांच्या टेबलावर ठेवून उभ्या राहिल्या. मालक बराच वेळ "बघू, बघू" म्हणाला आणि शेवटी गाळा राहू दिला. बेकरीवाल्यांनी गल्लीभर सांगितले, की त्यांच्या फोनला भिंगकाकांशिवाय दुसऱ्याचा हात लागणार नाही. आपण खांबामागे उभे होतो हे मात्र त्यांनी सांगितले नाही. गिऱ्हाइके एकेक करून परतली. सगळी नाही. ती जावेच्या टीव्हीची गोष्ट सांगणारी बाई आजही त्या दुकानासमोरून जाताना रस्ता ओलांडते.

भिंगकाका कितीतरी दिवस मावशीशी एका शब्दात बोलत. "हो." "नाही." "आहे." मग एकदा ते आमच्या दुकानात आले आणि त्यांनी कामाचा कोट मशीनवर ठेवला. खिसा फाटला होता. मावशीने काही न विचारता तो शिवायला घेतला. ते शिवणे बघत उभे राहिले आणि जाताना म्हणाले, "उशी शिवून घे म्हणून मीच सांगितलं होतं पोरीला." मावशीने मान वर केली, पण ते तोवर पायरी उतरले होते. त्या दिवशी मावशीने मला टोपलीतून काढून खिळ्याला टांगले.

हल्ली भाचीकडे नवा फोन आहे. तिच्या तळव्यावर डाग राहिला आहे, मूठ वळली की तो दिसत नाही. तिने मावशीकडे हट्ट धरला, खोळ तूच शिव. मावशी कितीतरी दिवस नाही म्हणाली. मग एकदा तिने एकपदरी, पातळ कापड घेतले, कापूस नाही, अस्तर नाही. तीन कडा मशीनवर शिवल्या. चौथ्या कडेला तिने हाताने साधा कच्चा धावदोरा घातला, जरा ताण पडला तर सुटेल असा. चार्जिंगला लावायच्या आधी फोन बाहेर काढून त्याची पाठ बघायची, असे भाचीला बजावले.

"अगं, ही लगेच उसवेल," भाची म्हणाली.

"उसवू दे," मावशी म्हणाली. "उसवली की माझ्याकडे आण. आणि फोन बरोबर आण."

मित्रांनो, ती नवी खोळ माझ्यासमोरच ह्या मशीनवर शिवली गेली. ती माझ्याइतकी जाड नाही, माझ्याइतकी मजबूत नाही. तिचे कोणी कौतुक करणार नाही. पण तिच्या चौथ्या कडेकडे मी रोज मनाने बघते आणि वाटते, माझ्यात असा एक टाका असता तर! म्हणून तुम्हांला एवढेच मागणे आहे. तुमच्या जवळची एखादी वस्तू, कालपर्यंत नीट बसणारी, एकाएकी घट्ट झाली, तापू लागली, आवळू लागली, तर तिला सैल करून पुन्हा कोंबू नका. आत काय वाढले आहे ते मोठ्या माणसाला बोलावून आधी बघा. आणि धूर दिसला की लगेच कोणाचे नाव घेऊ नका.

आता हात खाली घ्या. मावशीचे माप घेऊन झाले आहे.